टेबलावर उठून दिसणारी मिनिएचर: आधी उजेड-अंधार की आधी रंग?

फासा_वीस

नमस्कार मंडळी.

नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या घरी रविवारी दुपारी आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा भूमिका-खेळ) फड जमतो. त्यातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर (मिनी), रंगवायचं काम माझ्याकडे. बहुतेक मिनी ३२ मिलिमीटरच्या, रेझिन प्रिंटरवर काढलेल्या. हातात धरून पाहिलं तर काम नेटकं दिसतं: रंग कडेबाहेर गेलेला नाही, खोबणीत वॉश (पाण्यासारखा पातळ गडद रंग) बसलेला, कडांना हायलाइट (उजळ रेघ). पण तीच मिनी खेळाच्या नकाशावर ठेवून मागे टेकून बसलं की चेटकीण कोणती, रेंजर कोणता आणि बुटका योद्धा कोणता हे पटकन कळत नाही. तिघंही तपकिरी-हिरवी.

माझं मत असं झालंय की रंग कोणता हा नंतरचा विषय. मिनीवर सगळ्यात उजळ जागा कोणती आणि सगळ्यात गडद कोणती हे आधी ठरवायला हवं, आणि या दोन जागा चेहऱ्याच्या आसपासच हव्यात. गटातल्या एकाला हे अजिबात पटत नाही. तो म्हणतो, लालाशेजारी हिरवा ठेव, निळ्याशेजारी नारिंगी ठेव, आपोआप उठून दिसेल.

तुम्ही काय करता? नुसतं 'कॉन्ट्रास्ट वाढव' नको. कुठे वाढवायचा आणि कुठे मुद्दाम कमी ठेवायचा ते सांगा. नाशिकमध्ये मिळणाऱ्या सामानात जमणार असेल तर सोन्याहून पिवळं.

तिवंधेकर

+१ उजेड-अंधाराला.

मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. चेहरा, झगा आणि बेस (मिनी उभी असते तो तळ) एकाच करड्यात गेले तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून ते एकच दिसणार. लाल-हिरव्या जोडीत हे हमखास होतं. मध्यम लाल आणि मध्यम हिरवा कृष्णधवल फोटोत जवळपास सारखेच निघतात. तुमच्या मित्राला हा प्रयोग करून दाखवा.

मोबाइल हाताशी नसेल तर डोळे किलकिले करून बघा, तेच काम होतं.

रामवाडी_०७

आमच्या टेबलावर बुटका योद्धा ओळखायला रंग लागत नाही. जो खड्ड्यात पडलेला असतो तो बुटका.

मोजपट्टी

थोडा हिशोब मांडतो, कारण त्यातून कारण कळतं.

माणूस १७० सेंटिमीटरचा धरला आणि मिनी ३२ मिलिमीटरची, तर मिनी माणसाच्या सुमारे ५३ पट लहान. टेबलावरची मिनी आपण साधारण ६० सेंटिमीटरवरून बघतो. म्हणजे ते दृश्य ३२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढंच. एवढ्या लांबून समोरच्याच्या नाकाखालची सावली कधी दिसली आहे का?

दुसरी गोष्ट. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी बारीक फट ओळखतो. ६० सेंटिमीटरवर ही फट येते सुमारे ०.१७ मिलिमीटर. खोबणीतली वॉशची रेघ याहून बारीक असेल तर ती रेघ म्हणून ठळक दिसत नाही, शेजारच्या रंगात मिसळते आणि सगळा भाग थोडा मळका दिसतो. फासा_वीस, तुमच्या मिनीचं हेच होत असणार. रेषा सगळ्या आहेत, पण प्रत्येक रेष नजरेच्या मर्यादेखाली आहे.

तेव्हा उजेड-अंधार रेघांत न ठेवता पट्ट्यांत ठेवायला लागतो. झग्याची वरची बाजू अख्खी उजळ, खालची अख्खी गडद.

सायली_के

हिशोब बरोबर आहे, निष्कर्षावर माझं भांडण आहे.

मी खेळत नाही, फक्त रंगवते. माझ्या मिनी काचेच्या कपाटात असतात आणि लोक त्या वीस सेंटिमीटरवरून बघतात. 'टेबलावरून दिसलं पाहिजे' या हट्टापायी हल्ली सगळीकडे काळ्या खोबणी आणि पांढऱ्या कडा दिसतात. कापडाची कड पांढरी, चामड्याची कड पांढरी, बुटाचीही कड पांढरी. सगळ्याच कडा उजळल्या की नजर कुठे थांबणार? आणि जवळ घेतल्यावर कापड कापडासारखं वाटतच नाही.

पातळ ग्लेझचे (पारदर्शक रंगाचे) थर देत एका छटेतून दुसरीत अलगद गेलेला झगा बघा. त्यात जो जिवंतपणा येतो तो कडा रंगवून येत नाही. वेळ लागतो हे मान्य.

फासा_वीस

सायलीताई, कडांचं शंभर टक्के पटलं. मीसुद्धा प्रत्येक कडेला सारखाच हायलाइट देतो, आता ते खटकायला लागलं. पण अलगद छटा आणि मोठा फरक यांचं वैर आहे का? छटा अलगद असूनही वरचं टोक जवळजवळ पांढरं आणि खालचं टोक जवळजवळ काळं नेता येईल ना?

सायली_के

येईल. फक्त ते टोकापर्यंत न्यायचं धैर्य बहुतेकांना होत नाही, मधल्या तीन छटांतच झगा संपतो. हे मात्र मी मोजपट्टींच्या बाजूने बोलले. :)

मूर्तिशाळा_पंचवटी

तुमच्या खेळातलं मला काही कळत नाही. मुलगा खेळतो, त्याने हा धागा दाखवला. रंगकामाचं विचारलंय म्हणून लिहितो. आमचा गणपतीचा कारखाना आहे, वडिलांपासून.

आम्ही घरगुती लहान मूर्ती करतो आणि मंडळांच्या मोठ्याही. लहान मूर्तीचे डोळे मोठ्या मूर्तीच्या प्रमाणात लहान करून आखले तर मखरात ठेवल्यावर दिसतच नाहीत. म्हणून लहान मूर्तीला वरच्या पापणीची रेघ प्रमाणापेक्षा जाड घ्यायची आणि खालची जवळजवळ सोडून द्यायची. बुबुळ काळं, त्यात पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. भुवई आणि पापणी यांच्या मधली जागा अंगाच्या रंगाहून फिकट. एवढं केलं की डोळा उघडतो.

अंगाला पहिला हात पांढरा. त्यावर स्प्रेगनने अंगाचा रंग. मग सोंडेच्या दोन्ही बाजूंना, काखेत, पोटाखाली, पीतांबराच्या कडेला तांबूस छटा. अंगावर काळी छटा आम्ही मारत नाही. काळ्याने अंग मळकट दिसतं, तांबूसने मांसल दिसतं. शेवटी गंडस्थळावर, सोंडेच्या मध्यावर आणि पोटाच्या गोलाईवर गन लांब धरून पांढरट फवारा.

मुकुटाला थेट पांढऱ्यावर सोनेरी मारलं तर ते पिवळट आणि पोकळ दिसतं. खाली गेरूसारखा तांबडा हात द्या, वाळू द्या, मग सोनेरी फक्त वर आलेल्या नक्षीवर घ्या. खोलगट भागात तांबडा राहू द्या. सोन्याला वजन येतं.

डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात. करंगळी मूर्तीला टेकवायची आणि श्वास सोडता सोडता रेघ ओढायची.

तिवंधेकर

काका, दंडवत. एका प्रतिसादात धागा वसूल.

झगमगाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). तांबड्यावर सोनं आजच करून बघते. माझ्या पॅलाडिनचं चिलखत कित्येक दिवस पिवळ्या प्लास्टिकसारखं दिसतंय.

सातपूरचा_कॉम्प्रेसर

काकांनी गन लांब धरून वरून फवारा सांगितला. मिनी रंगवणाऱ्यांत याच पद्धतीला झेनिथल प्रायमिंग म्हणतात, फक्त आम्ही ते रंग लावायच्या आधी करतो. नव्या लोकांसाठी सविस्तर लिहितो.

आधी सगळीकडे काळा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), अगदी बगलेत आणि झग्याच्या आतूनही. तो वाळल्यावर करडा, तिरका वरून, चारही बाजूंनी. शेवटी पांढरा फक्त डोक्यावरून, थेट खाली. आता मिनीकडे बघा. कपाळ, नाक, खांदे, मुठीची वरची बाजू उजळलेली. हनुवटीखाली, कमरेखाली, पायांच्या मध्ये काळोख. सूर्य डोक्यावर असताना उजेड जिथे पडेल तिथेच पांढरा बसला आहे. या अवस्थेचा फोटो काढून ठेवा. रंग चढवताना सावली कुठे होती हे विसरायला होतं, तेव्हा तो कामी येतो.

यावर रंग पातळ लावायचे, म्हणजे खालचा उजेड-अंधार वर दिसत राहतो. दाट लावले तर सगळी मेहनत झाकली जाते.

एअरब्रशला ०.३ मिलिमीटरची नोझल आणि २० ते २५ पीएसआय दाब पुरतो. एअरब्रश नसेल तर काळ्या प्रायमरवर मेकअपच्या मऊ गोल ब्रशने पांढऱ्याचा ड्रायब्रश करा, वरून खाली. ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा करायचा. पोत थोडा भुकटीसारखा येतो, पण उजेडाची दिशा मिळते आणि खर्च नाममात्र.

ओझर_विमानतळ

दादा, पावसाळ्याचंही सांगा. सध्या गॅलरीत स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो.

सातपूरचा_कॉम्प्रेसर

हवेत ओल असताना स्प्रेचा डबा वापरू नका, विशेषतः संध्याकाळी. जुलै-ऑगस्टमध्ये मी डबा उघडतच नाही, ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो. मॅट (बिनचमकीच्या) वार्निशच्या स्प्रेचं तर त्याहून वाईट, त्यावर पांढरी साय धरते आणि रंगवलेली मिनी धुक्यात गेल्यासारखी होते. मोठ्या कष्टाने आणलेला काळा रंग करडा पडतो.

एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. कोरड्या हवेत ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. ग्लेझ करणाऱ्यांना तर याच्याशिवाय गत्यंतर नाही.

अवघड_प्रश्न

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कॉन्ट्रास्ट पेंट का नको? गेम्स वर्कशॉप कंपनीने २०१९ मध्ये आणले, मग आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट आले. एक हात मारला की उंच भागावर फिका, खोबणीत गडद. धाग्याचा प्रश्नच मिटतो.

झगमगाट

केस, दाढी, लोकर, खवले, पिसं यांच्यावर झकास चालतात. सपाट ढाल किंवा लांब झगा आला की डाग पडतात, कारण रंग कुठे साचायचं ते स्वतः ठरवतो.

मोजपट्टी

आणि तो रंग फक्त खालच्या दिशेने जातो. खोबण गडद होते, पण सगळ्यात उजळ जागा प्रायमरपेक्षा उजळ होऊ शकत नाही. त्या रंगावर वरचे दोन-तीन हायलाइट हाताने दिल्याशिवाय मिनी अर्धवटच. शिवाय आयात मालाच्या किमती बघता अख्खं सैन्य त्यात बुडवणं परवडत नाही. ॲक्रिलिक इंकमध्ये मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रावण) घालून बरंचसं तसंच काम होतं. नुसतं पाणी घालू नका, रंग फाटतो.

अवघड_प्रश्न

माझे चाळीस सांगाडे त्या रंगांनीच पार पडले आणि मला ते आवडतात.

मोजपट्टी

सांगाड्यांना तर उत्तमच, फासळ्या आणि कवट्या म्हणजे नुसत्या खोबणीच. वाद फक्त चेटकिणीच्या झग्याचा आहे.

वाचनालयातला

फासा_वीसच्या मित्राची बाजू कोणी घेत नाहीये, मी घेतो.

पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं होत. तिथे रंगाई विभागाचा प्रमुख मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ होता. काही काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी तो काळा विणला की डोळ्यालाच तो फिका वाटत होता. शेजारचा रंग आपला विरोधी रंग पलीकडच्यावर चढवतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्या कामात याचा उपयोग असा: नारिंगी ज्वाळेशेजारी साधा करडा ठेवा, तो आपणहून निळसर दिसेल, निळा लावायची गरजच नाही. तेव्हा रंगांनी फरक पडतो, मित्र चूक नाही. प्रमाण मात्र हवं. लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे ठेवले तर दोघं एकमेकांना मारतात. हिरवा गॉब्लिन, मातकट कपडे आणि फक्त टोपीची शेंडी लाल ठेवली तर ती शेंडी दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवरूनही दिसते.

तिवंधेकर

हे पटलं. पण ती शेंडी हिरव्यापेक्षा उजळ किंवा गडदही ठेवा, म्हणजे माझा कृष्णधवल फोटो पण खूश.

येवलेकरीण

माहेर येवल्याचं, त्यामुळे पैठणीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एका एल्फ राणीचा अंगरखा पैठणीचा केला, त्याची रीत देते.

पैठणीत धूपछाव येते कारण ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा. घडी हलली की कापड कधी जांभळं दिसतं कधी लाल. रंगाने हे करायचं तर सावलीला त्याच रंगात काळा मिसळायचा नाही, सावलीचा रंगच वेगळा घ्यायचा. माझा अंगरखा मधल्या छटेत जांभळा, खोल घडीत गडद निळा आणि घडीच्या माथ्यावर तांबूस गुलाबी. काळा कुठेही नाही, तरी घड्या खोल दिसतात. कापड रेशमी वाटावं म्हणून माथ्यावरचा उजेड अरुंद आणि झटकन संपणारा ठेवला. सुती कापडाला उजेड पसरट असतो.

काठ सोनेरी-पिवळा. जांभळ्यासमोर पिवळा, म्हणजे वाचनालयातला दादांचा नियमही पाळला गेला आणि परंपराही.

फासा_वीस

कमाल! ताई, काठावरचे मोर ३२ मिलिमीटरमध्ये काढलेत?

येवलेकरीण

छे, मोर कुठला मावतोय. काठावर थोड्याथोड्या अंतरावर हिरवा ठिपका आणि त्याच्या डोक्यावर लालाचा टिंब. डोळा उरलेला मोर स्वतः पूर्ण करतो. आणि हे सगळं फक्त समोरच्या पदरावर. पाठीमागचा काठ साधा सोनेरी सोडला, सगळीकडे बुट्टे भरले असते तर चेहऱ्याकडे कोणी पाहिलं नसतं.

रामवाडी_०७

आता माझ्या ऑर्कला फेटा बांधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

निफाडचा_वेल

अवांतर, पण फार नाही. बेसकडे कोणीच बघत नाहीये!

मिनी गडद असेल तर बेस फिका हवा आणि मिनी फिकी असेल तर बेस गडद. काळ्या झग्याचा नेक्रोमॅन्सर आपल्या काळ्या मातीच्या बेसवर उभा केला की गेला. मी त्याला वाळलेल्या गवताच्या फिक्या माळावर उभा करतो. उलट, पांढऱ्या लांडग्याखाली ओली काळी माती.

सामान सगळं इथलंच. वाळू धुऊन, वाळवून चहाच्या गाळणीने चाळायची आणि फेविकॉलवर पेरायची. माझी खास गोष्ट म्हणजे द्राक्षवेलीची साल. जुन्या वेलीच्या खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बागेत हवी तेवढी मिळते. तिचे उभे बारीक तंतू आणि पीळ या आकारात हुबेहूब पुरातन वृक्षाच्या बुंध्यासारखे दिसतात. तुकडा मोडून बेसवर उभा चिकटवायचा, पातळ तपकिरी वॉश, फिका करडा ड्रायब्रश, संपलं. फवारणीची बाग असेल तर साल धुऊन, कडक वाळवूनच घ्या.

बेसची उभी कड मात्र एकाच गडद रंगात, स्वच्छ. चित्राच्या चौकटीचं काम करते.

झगमगाट

निफाडचे दादा, पिशवीभर साल नाशिकला पाठवाल का? बदल्यात छापलेला ड्रॅगन देईन.

निफाडचा_वेल

ड्रॅगन नको, माझ्या पोराला मावळे हवेत. दिवाळीच्या किल्ल्यासाठी.

बुरूज_आणि_हळीव

मावळ्यांवरून आठवलं. सरावासाठी नवी मिनी कशाला खराब करायची? किल्ल्यावरचे प्लास्टरचे मावळे मेन रोडला दिवाळीत ढिगाने मिळतात. चेहरा मोठा, घड्या ठसठशीत. त्यांच्यावर पांढरा प्रायमर मारून छटांचा सराव करा. एकाच साच्यातले दोन घ्या, एकाला सगळीकडे सारखा फरक द्या, दुसऱ्याला फक्त पागोटं, चेहरा आणि ढालीभोवती. शेजारी ठेवा. या धाग्यातली निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

सायली_के

वरचा प्रयोग फार चांगला सुचवलाय.

चेहऱ्याबद्दल थोडं लिहिते, कारण 'चेहऱ्याभोवती फरक ठेवा' हे सगळे म्हणाले पण कसा ते काकांनंतर कोणी सांगितलं नाही. त्वचेचा एकच रंग घेऊन गडद-फिका करत गेलं तर मेणाचा पुतळा होतो. कपाळाला किंचित पिवळसर, नाकाचा शेंडा, गाल आणि कान तांबूस, हनुवटी आणि जबड्याकडे निळसर करडा. सगळं अगदी पातळ ग्लेझमध्ये, एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. खालच्या ओठाखाली छोटी सावली आणि ओठाच्या मध्यावर उजेडाचा एक टिंब. डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढरा घेऊ नका, डोळे वटारल्यासारखे दिसतात. फिका हस्तिदंती घ्या. चेहऱ्याला लागून असलेले केस किंवा टोपीची आतली बाजू सगळ्या मिनीतली सर्वांत गडद जागा करा, म्हणजे चेहरा आपोआप पुढे येतो.

आणि शांत जागा ठेवा. झग्याचा मागचा भाग, पँट, पोतडी यांना दोन छटा पुरतात. मी पूर्वीइतकाच विरोध कडांना करते, पण मूळ मुद्दा मला मान्य आहे: फरक मोठा हवा आणि मोजक्याच जागी हवा.

मूर्तिशाळा_पंचवटी

बरोबर बोललात ताई. गालावर तांबूस आम्हीही मारतो.

पोत_आणि_प्रत

रंग आणि उजेड झाले, पोत राहिला. सगळी मिनी एकसारखी मॅट असेल तर चामडं, लोखंड आणि कापड एकाच मालाचे वाटतात. चामड्यावर बारीक, आडव्यातिडव्या फिक्या रेघा ओढा, घासलेलं दिसतं. जाड कापडावर ब्रशच्या टोकाने ठिपके द्या. दगडी भाग स्पंजने टिपा. आणि शेवटी चकाकी मोजकी: डोळे, जीभ, औषधाची कुपी, ताजं रक्त यांवर ग्लॉस वार्निशचा एक थेंब. बाकी सगळं मॅट असल्यामुळे तोच थेंब लक्ष ओढतो.

दिवाही बघा जरा. पिवळ्या बल्बखाली निळे रंग मरतात. ५००० ते ६५०० केल्विनचा आणि ९० च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) असलेला दिवा घ्या, एलईडीच्या खोक्यावर छापलेलं असतं.

फासा_वीस

मंडळी, चेटकीण नव्याने रंगवली. काय केलं ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी धागा उघडला तर उपयोगी पडेल.

जुना रंग काढून काळा-करडा-पांढरा झेनिथल, पाऊस असल्यामुळे ड्रायब्रशने. टोपीची आतली बाजू आणि मानेमागचे केस जवळजवळ काळे, त्यात किंचित निळा. चेहरा सायलीताईंच्या रीतीने, डोळे काकांच्या रीतीने: वरची पापणी जाड, खालची नाही. झगा मातकट हिरवाच ठेवला, पण खांद्यावर तो फिक्या पोपटीपर्यंत नेला आणि तळाशी येवलेकरीण ताईंचं ऐकून काळ्याऐवजी गडद जांभळ्यात उतरवला. काठीच्या टोकावरचा स्फटिक नारिंगी, तो तिच्या गालाच्या पातळीवरच येतो, म्हणून उजव्या गालावर आणि टोपीच्या काठाखाली नारिंगीची पातळ ग्लेझ. बाकी कुठेही नारिंगी नाही. पट्टा, पोतडी, बूट एकाच तपकिरीच्या दोन छटांत आटोपले, तिथे एकही उजळ कड नाही. बेसवर द्राक्षाच्या सालीचा बुंधा, फिक्या मातीत.

कृष्णधवल फोटोत चेहरा, स्फटिक, खांदे आणि बेस सोडून सगळं मधल्या आणि गडद करड्यात गेलं. काल नकाशावर ठेवली तेव्हा दाराशी उभा असलेला मित्र तिथूनच म्हणाला, "स्फटिकाचा उजेड तोंडावर पडलाय." हा तोच, लाल-हिरवावाला. त्याचंही म्हणणं खरं ठरलं असं त्याला वाटतंय, कारण हिरव्या झग्यावर नारिंगी उठून दिसतोय. मला दोन्ही मान्य. फक्त क्रम माझा राहिला: आधी उजेडाची जागा ठरली, मग तिथे कोणता रंग ठेवायचा ते ठरलं.

एक शंका उरली. रेंजरच्या तलवारीला मेटॅलिक रंग द्यायचा आहे. मॅट वार्निश आधी की मेटॅलिक आधी?

तिवंधेकर

फोटो टाका, नुसत्या वर्णनावर भागणार नाही.

सातपूरचा_कॉम्प्रेसर

मॅट आधी. मेटॅलिकवर मॅट मारलं की धातूची चमक जाते आणि तलवार करड्या पुठ्ठ्यासारखी दिसते. सगळी मिनी पूर्ण करा, मॅट मारा, पूर्ण वाळू द्या, मग तलवार रंगवा आणि तिच्यावर ब्रशने सॅटिन किंवा ग्लॉसचा पातळ हात. मुठीशी गडद तपकिरी वॉश, टोकाला उजळ चंदेरी, म्हणजे पात्यावरही उजेडाची दिशा तीच राहील. मॅट स्प्रेने मारणार असाल तर दोन दिवस कोरडी हवा मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ब्रशने लावा.